फोर्कलिफ्टसाठी टॅगवर चालणारी इशारा यंत्रणा: वापरानंतरचे परीक्षण

माल हलवणारी फोर्कलिफ्ट आणि पायी चालणारी माणसे एकाच फरशीवर वावरतात अशा गोदामाच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे आहे, आणि तिथे सर्व शिफ्टमध्ये वापरात असलेल्या एका इशारा यंत्रणेचे हे परीक्षण आहे. प्रत्येक फोर्कलिफ्टवर एक संच बसवलेला असतो, फरशीवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे एक टॅग (अंगावर लावायचे छोटे रेडिओ उपकरण) असतो आणि दोघे ठरावीक अंतराच्या आत आले की चालकाला आणि पायी चालणाऱ्याला एकाच वेळी इशारा मिळतो. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच तत्त्वावर चालणारी उत्पादने अनेक कंपन्या विकतात आणि मला दिसलेले बहुतेक गुणदोष त्या तत्त्वाचेच आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: यंत्रणा घेण्यासारखी आहे, परंतु वाटा वेगळ्या करणे आणि वेग कमी करणे ही दोन कामे पूर्ण झाल्यानंतरच. ती कामे न करता केवळ टॅग वाटले, तर पैसे खर्च होतील, गोंगाट वाढेल आणि धोका जवळपास होता तसाच राहील.

धोक्याचे स्वरूप नीट समजले नाही, तर या उपकरणाकडून नेमके काय मागायचे हे कळत नाही. अडीच टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन मागच्या बाजूच्या काउंटरवेटमुळे (तोल सांभाळणाऱ्या वजनामुळे) चार टनांच्या आसपास असते. समोरचा मास्ट (माल वर-खाली नेणारा उभा सांगाडा) आणि फोर्कवरचा, म्हणजे पुढच्या दोन पात्यांवरचा, माल चालकाची दृष्टी अडवतात. उंच पॅलेट (सपाट तळावर रचलेला माल) असेल तर पुढचे काहीच दिसत नाही, म्हणून तेव्हा उलट दिशेने चालवावे लागते. ती मागच्या चाकांनी वळत असल्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि शेजारून चालणाऱ्या माणसाला मोटारगाडीच्या सवयीमुळे याची कल्पना येत नाही. विजेवर चालणारी फोर्कलिफ्ट इतकी शांत असते की यंत्रांच्या आवाजात ती पाठीमागे आल्याचे समजतही नाही. अशा वाहनाने माणसाला नुसते ढकलले तरी तो रॅक, भिंत किंवा उभ्या ट्रकच्या मध्ये चिरडला जाऊ शकतो, त्यासाठी वेग फार असावा लागत नाही.

आमची यंत्रणा अल्ट्रा-वाइडबँड रेडिओवर चालते. वाहनावरचा संच आणि टॅग एकमेकांना अतिशय आखूड रेडिओ स्पंदने पाठवतात आणि ती जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जाते, त्यामुळे वेळ तितक्या बारकाईने मोजता आली की अंतरही काही सेंटिमीटर ते फूटभराच्या फरकाने कळते. स्वस्त ब्लूटूथ टॅगमध्ये बहुधा संकेताच्या तीव्रतेवरून अंतराचा अंदाज बांधला जातो. तो लोखंडी रॅकमध्ये काही मीटरने चुकू शकतो, आणि जिथे दोन-तीन मीटरवर निर्णय व्हायचा आहे तिथे तसा अंदाज निरुपयोगी ठरतो. म्हणून विक्रेता केवळ टॅगचा आकार आणि बॅटरी किती दिवस पुरते हेच सांगत असेल, तर अंतर कोणत्या पद्धतीने मोजले जाते हा प्रश्न आधी विचारावा.

वाहनाभोवती दोन वलये ठरवता येतात. बाहेरच्या वलयात माणूस आला की चालकासमोर पिवळा दिवा लागतो आणि टॅग हलके थरथरतो. आतल्या वलयात आला की लाल दिवा, मोठा आवाज आणि टॅगची जोरदार थरथर सुरू होते. हवे असल्यास आतल्या वलयाची जोडणी वाहनाच्या नियंत्रकाशी करून वेग आपोआप कमी करता येतो. या यंत्रणेचे सगळे यश वलये किती मोठी ठेवली यावर अवलंबून आहे, आणि विक्रीच्या सादरीकरणात याच विषयावर सर्वांत कमी बोलले जाते.

साधा हिशोब करून पाहावा. ताशी 10 किलोमीटर वेगाने जाणारी फोर्कलिफ्ट एका सेकंदात सुमारे 2.8 मीटर जाते. इशारा ऐकून चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपते. त्यानंतर माल घसरू नये इतपत बेताने ब्रेक लावला, म्हणजे वेग दर सेकंदाला सेकंदामागे दोन मीटरने उतरत गेला, तर थांबायला आणखी सुमारे दोन मीटर लागतात. म्हणजे जवळपास पाच मीटर झाले. आणि समोरचा माणूस उभा नसून चालत येत असेल, तर तोही सेकंदाला सव्वा ते दीड मीटर जवळ येत असतो. तेव्हा या वेगाला तीन मीटरचे वलय म्हणजे धडक जवळपास निश्चित झाल्यावर मिळणारा इशारा होय. उलट वलय आठ मीटरचे केले, तर रॅकच्या पलीकडच्या गल्लीत निवांत उभ्या असलेल्या माणसासाठीही इशारा वाजतो, कारण रेडिओलहरींना रॅक ही भिंत वाटत नाही.

आता वेग ताशी 5 किलोमीटर ठेवून तोच हिशोब करा. प्रतिक्रियेच्या एका सेकंदात 1.4 मीटर आणि ब्रेक लागल्यानंतर अर्धा मीटर, म्हणजे वाहन दोन मीटरच्या आत थांबते. चालत येणाऱ्या माणसाचे अंतर धरले तरी साडेचार मीटरचे वलय पुरते. वेग निम्मा केल्याने थांबण्याचे अंतर निम्म्याहूनही कमी होते, कारण ब्रेकनंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे या यंत्रणेला सर्वांत उपयुक्त जोड कोणती असे कोणी विचारले, तर वेगमर्यादक हेच माझे उत्तर आहे. वाहनाचा वेग कमी झाल्याने वलय लहान करता येते, वलय लहान झाल्याने नाहक इशारे कमी होतात आणि इशारे विरळ झाले की माणसे त्यांना प्रतिसाद देतात. ही साखळी मला संपूर्ण यंत्रणेतील सर्वांत महत्त्वाची वाटते.

नाहक इशाऱ्यांचा प्रश्न किरकोळ नाही. पुरवठादाराने बसवून दिलेली मूळ वलये इतकी मोठी होती की पॅकिंगच्या टेबलांवर बसलेल्या माणसांचे टॅग दिवसभर थरथरत राहिले आणि लवकरच त्याकडे कोणी लक्ष देईनासे झाले. पातळ भिंतीच्या पलीकडे कार्यालयात बसलेला माणूसही यंत्रणेला फोर्कलिफ्टच्या अगदी जवळ दिसतो. यावर उपाय उपलब्ध आहे: कार्यालय, पॅकिंगचा कठड्याआडचा भाग, जेवणाची खोली अशा ठिकाणी टॅगला जागा कळवणारे छोटे दर्शक बसवले की तिथले टॅग शांत राहतात. परंतु हे दर्शक वेगळे विकत घ्यावे लागतात आणि ते कुठे बसवायचे यासाठी प्रत्यक्ष फिरून काळजीपूर्वक आखणी करावी लागते. असा शांत विभाग कठड्याच्या बाहेर थोडाही सांडला, तर जिथे इशारा हवा तिथेच टॅग मुका होईल, म्हणून आखणीनंतर हातात टॅग घेऊन त्या सीमेवरून चालून पाहणे आवश्यक आहे.

अचूकतेबाबत यंत्रणा मोकळ्या जागेत उत्तम आहे. अडचण माणसाच्या शरीरापाशी येते. शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे ते या लहरी बऱ्याच अंशी शोषून घेते. टॅग छातीच्या खिशात असेल आणि माणूस वाहनाकडे पाठ करून उभा असेल, तर संकेत उशिरा पकडला जातो, किंवा कुठून तरी परावर्तित होऊन आलेला संकेत पकडला जाऊन अंतर आहे त्याहून जास्त दाखवले जाते. वाहनाकडे पाठ असलेला माणूस हाच सर्वांत धोक्यात असलेला माणूस, म्हणून या उणिवेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. हेल्मेटवर बसणारा टॅग या बाबतीत स्पष्टपणे सरस आहे. मात्र हेल्मेटवर थरथर जाणवण्याची पद्धत काहींना त्रासदायक वाटते, आणि ज्या विभागात हेल्मेट सक्तीचे नाही तिथे हा पर्याय उरत नाही. दंडावर पट्ट्याने बांधायचा टॅग हा मधला मार्ग आहे आणि आमच्याकडे तोच बहुतेकांनी स्वीकारला आहे.

चालकाचा स्वतःचा टॅग हा आणखी एक नाजूक विषय आहे. चालक आसनावर असेपर्यंत त्याच्या वाहनाने त्याच्या टॅगकडे दुर्लक्ष केले पाहिजे, पण तो खाली उतरला की त्याच क्षणी तो पादचारी झाला आहे हे शेजारच्या प्रत्येक फोर्कलिफ्टला कळले पाहिजे. आम्ही घेतलेल्या यंत्रणेत हे काम आसनाजवळचा लहान दर्शक करतो आणि ते तो भरवशाने करतो. काही यंत्रणांमध्ये चालकाला टॅग काढून ठेवायला सांगितले जाते. तशी यंत्रणा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पॅलेट सरळ करायला किंवा कागद तपासायला उतरलेला चालक टॅग पुन्हा लावण्यासाठी थांबत नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र अशी की टॅग नसलेला माणूस या यंत्रणेला दिसत नाही. माल घेऊन आलेला ट्रकचालक, त्याचा मदतनीस, दुरुस्तीला आलेला कारागीर, पाहुणे, हिशेब तपासनीस ही माणसे जागेशी अनोळखी असतात आणि नेमक्या त्यांच्याकडेच टॅग नसण्याची शक्यता अधिक असते. बॅटरी संपलेला टॅगही तसाच. अशा वेळी चालकासमोरचा पडदा शांत असतो, आणि त्या शांततेचा अर्थ जवळपास कोणी नाही असा घेतला जातो. प्रवेशद्वारावर टॅग तपासणारे यंत्र बसवणे, चार्जिंगची मांडणी हजेरीच्या जागेजवळच ठेवणे आणि बाहेरच्या प्रत्येक माणसाला टॅग देऊनच आत सोडणे, या तीन गोष्टी यंत्रणेचाच भाग समजल्या पाहिजेत. त्यासाठी माणूस नेमायची तयारी नसेल तर कॅमेऱ्यावर आधारित पर्याय पाहावा.

कॅमेऱ्याची यंत्रणा आम्ही एका वाहनावर तुलनेसाठी चालवून पाहिली. चित्रातून माणसाचा आकार ओळखून ती इशारा देते, त्यामुळे टॅगची गरज पडत नाही आणि पाहुणाही तिला दिसतो. हा तिचा मोठा गुण. शिवाय रॅक किंवा खांब जवळ आला म्हणून ती वाजत नाही, जे साध्या अल्ट्रासॉनिक सेन्सरबाबत सतत होते. परंतु कोपऱ्यापलीकडचे तिला काही दिसत नाही, काचेवर धूळ साचली की ओळख मंदावते, आणि वाकून किंवा बसून काम करणारा, अर्धा पॅलेटआड असलेला माणूस तिच्याकडून निसटू शकतो. रॅकच्या तोंडाशी होणाऱ्या अचानक भेटींसाठी टॅग चांगला आणि मोकळ्या डॉकवर (ट्रकमध्ये माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेवर) मागे येणाऱ्या वाहनासाठी कॅमेरा चांगला, असा माझा निष्कर्ष आहे.

निळ्या दिव्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण किमतीच्या मानाने इतके काम करणारे दुसरे उपकरण मी पाहिलेले नाही. वाहनाच्या काही मीटर पुढे किंवा मागे फरशीवर निळा ठिपका पडतो आणि फोर्कलिफ्ट वळणावर येण्याआधीच तो वळणावर पोहोचतो. कानांत आवाजरोधक घातलेल्या माणसाला, अनोळखी ट्रकचालकाला, कोणालाही तो दिसतो. त्यासाठी टॅग, चार्जिंग वा नोंदणी लागत नाही. वाहनाच्या बाजूंना पडणारी लाल रेषा तर आणखी नेमकी गोष्ट सांगते: या रेषेच्या आत पाय ठेवू नका. वळताना बाहेर येणाऱ्या मागच्या भागापासून दूर राहण्याची सवय लावण्यासाठी ही रेषा कोणत्याही व्याख्यानापेक्षा प्रभावी आहे. उन्हात, डॉकच्या उघड्या दारापाशी आणि फार चकाकणाऱ्या फरशीवर मात्र हे दिवे फिके पडतात, आणि एकाच चौकात अनेक वाहने असली तर कोणता ठिपका कोणाचा हे समजत नाही. मागे येताना वाजणाऱ्या भोंग्याच्या बाबतीतही निवड महत्त्वाची आहे. एकाच सुराच्या टीं-टीं आवाजाची दिशा बंदिस्त जागेत कळत नाही, तर सळसळीसारखा अनेक कंपनांचा आवाज कुठून येतो हे कानाला चटकन उमगते आणि तो दूरवर विनाकारण ऐकूही जात नाही.

टॅग यंत्रणेच्या वलयाचा आकार ही मला खटकलेली आणखी एक बाब. एका संचाचे वलय गोल असते. वाहन कोणत्या दिशेला जात आहे आणि माणूस कशाला टेकून उभा आहे, हे त्या गोलाला माहीत नसते. मोकळ्या जागेत तीन मीटरवर उभा असलेला माणूस बाजूला होऊ शकतो, पण टेबल किंवा भिंत पाठीशी असलेल्या माणसाला जायला जागाच नसते. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचे नियम करणाऱ्या अमेरिकेच्या ओशा या संस्थेच्या 1910.178 क्रमांकाच्या नियमात टेबल किंवा इतर स्थिर वस्तूपुढे उभ्या असलेल्या माणसाच्या दिशेने फोर्कलिफ्ट नेऊ नये असे स्वतंत्रपणे म्हटले आहे, त्यामागे हेच कारण दिसते. त्याच नियमात गल्ल्या एकमेकींना छेदतात तिथे आणि दृष्टी अडते तिथे वेग कमी करून हॉर्न वाजवणे, तसेच माल समोरचे दृश्य अडवत असेल तर तो मागे ठेवून चालवणे बंधनकारक केले आहे. यंत्रणा बसवल्यावर यातली एकही सवय सुटता कामा नये. पुढे आणि मागे वेगळे संच बसवून दिशेनुसार वलय बदलण्याची सोय महागड्या आवृत्तीत मिळते. ज्यांच्याकडे पॅकिंगची टेबले वाहनमार्गाला लागून आहेत त्यांनी तीच घ्यावी, किंवा त्याहून उत्तम म्हणजे टेबलेच हलवावीत.

यंत्रणेचा अनपेक्षित आणि कदाचित सर्वांत मोठा लाभ तिच्या नोंदींतून मिळतो. कोणत्या ठिकाणी, कोणत्या वेळी आतल्या वलयाचे इशारे वाजले याचा नकाशा ती तयार करते, आणि तो नकाशा पाहिल्यावर माणसे फोर्कलिफ्टच्या वाटेवर का येतात हे दिसू लागते. आमच्याकडे इशाऱ्यांची सर्वांत दाट गर्दी पिण्याच्या पाण्याच्या जागेपाशी आणि सूचनाफलकासमोर होती, कारण दोन्ही गोष्टी वाहनमार्गाच्या पलीकडे होत्या. त्या अलीकडे आणल्यावर त्या ठिकाणचे इशारे जवळपास थांबले. जेवणाच्या सुट्टीच्या सुरुवातीला डॉकजवळ होणारी दाटी वेगळी होती. तिथे वाहने काही मिनिटे थांबवण्याचा नियम पुरेसा ठरला. अशा बदलांनंतर ती जागा टॅगवर अवलंबून राहत नाही, आणि टॅग विसरलेला माणूसही तिथे सुरक्षित असतो.

याच नोंदींचा गैरवापर झाला तर सगळे मातीमोल होईल. टॅग म्हणजे आपल्यावर नजर ठेवण्याचे साधन आहे अशी शंका कामगारांना येते आणि ती अवाजवी नाही. कोण किती वेळ कुठे होता हे पाहून कोणाचा पगार कापला गेला, किंवा एखाद्या चालकाचे इशारे मोजून त्याला सर्वांसमोर बोलले गेले, तर दुसऱ्या दिवसापासून टॅग कपाटात राहतील. आम्ही टॅगला नाव न जोडता केवळ क्रमांक ठेवला आहे आणि नोंदी फक्त जागेच्या सुधारणेसाठी वापरल्या जातील असे लेखी दिले आहे. विकत घेताना नावाशिवाय नोंद ठेवण्याची सोय आहे का, हे अवश्य तपासावे. काही उत्पादनांत ती नसते.

कठडे आणि वाटांविषयी थोडक्यात. फरशीवरचा पिवळा पट्टा वाहनाला हद्द सांगतो, अडवत नाही. म्हणून जिथे वर्दळ जास्त आहे तिथे कठडाच हवा. धडक सोसण्याची क्षमता ब्रिटिश पास 13 या मानकाप्रमाणे तपासलेला कठडा घ्यावा आणि वाहनाचे मालासह वजन व वेग सांगूनच तो निवडावा. पादचाऱ्यांसाठीचे फाटक चालणाऱ्याने स्वतःकडे ओढून उघडण्याचे असावे, म्हणजे तो क्षणभर थांबतो आणि दोन्हीकडे पाहतो. ओलांडण्याची जागा रॅकच्या टोकाला चिकटून न ठेवता काही अंतर सोडून ठेवावी, जेणेकरून चालक आणि पादचारी एकमेकांना आधीच पाहू शकतील.

ज्या ठिकाणी वाहने आणि माणसे पूर्णपणे वेगळी करणे शक्य आहे त्यांनी टॅगवर खर्च करू नये. एकत्र वावर टाळताच येत नाही, मालाची गाडी भरताना किंवा निवडक माल काढताना माणसे गल्लीत असणारच, तिथे वेगमर्यादक आणि निळे दिवे आधी बसवून मग ही यंत्रणा घ्यावी. खरेदीपूर्वी पुरवठादाराकडून आपल्याच जागेत, आपल्याच रॅकमध्ये, भरलेल्या फोर्कलिफ्टवर आणि रात्रीच्या शिफ्टमध्येही चाचणी मागावी. त्या चाचणीत टॅग लावलेल्या माणसाला वाहनाकडे पाठ करून उभे करावे, फोर्कलिफ्ट पूर्ण थांबलेली ठेवून टॅगधारकाने तिच्याकडे चालत जावे, एका टॅगची बॅटरी मुद्दाम संपू द्यावी आणि तो टॅग स्वतःहून सूचना देतो की निमूट बंद पडतो हे पाहावे. शेवटच्या चाचणीत जो टॅग निमूट बंद पडतो, तो बाकी सर्व बाबतींत कितीही चांगला असला तरी घेऊ नये.